लँकाशायरच्या गिरणी-गावांतील भारतीय धंदेवाईक खेळाडू

वर्धा जिल्ह्याचा लँकाशायरशी आलेला पहिला संबंध कापसाचा होय. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव लँकाशायरच्या बाजारपेठेत सर्वतोमुखी झाले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला आणि येथील गाठींना मुंबई बंदराची वाट सुलभ झाली. दुसरा संबंध गांधीजींचा. १९३१ च्या सप्टेंबरात त्यांनी लँकाशायरमध्ये जाऊन बेकार गिरणीकामगारांची भेट घेतली, आणि पुढे तीनच वर्षांनी ते वर्ध्यास येऊन राहिले. हे दोन्ही संबंध आपल्या अभ्यासकांस परिचित आहेत. तिसऱ्या एका संबंधाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. ज्या गावांच्या मागांवर हा कापूस विणला जात असे, त्याच गावांनी पुढे आपल्या देशातील काही उत्तम क्रिकेटपटूंस वेतन देऊन बोलावून घेतले. क्रीडेचा इतिहास हा अद्याप आपल्याकडे गंभीर अभ्यासाचा विषय मानला जात नाही. हा संबंध दुर्लक्षित राहण्याचे कारण बहुधा तेच असावे.

नेल्सन, कोल्न, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल, रिश्टन ही त्या गावांची नावे. त्यांची लँकाशायर लीग १८९२ मध्ये स्थापन झाली. प्रत्येक संघात एकच धंदेवाईक खेळाडू असावा, बाकीचे दहा गावातलेच हौशी असावेत, असा तिचा दंडक होता. विणकर, दुकानदार, कारकून हे आठवडाभर आपापली कामे करीत आणि शनिवारी दुपारी मैदानावर उतरत. धंदेवाईकाने सामना तर जिंकून द्यावयाचाच, शिवाय सायंकाळी गावच्या मुलांना शिकवावयाचे. त्याने पन्नास धावा काढल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली नाणी त्याची होत. वेतन करारात लिहिलेले असे. धावा झाल्या नाहीत तर पुढील वर्षी करार होत नसे. हे संबंध रोखठोक होते; त्यांत दयेला जागा नव्हती आणि मेहेरबानीलाही नव्हती.

आपल्याकडील स्थितीशी ही गोष्ट ताडून पाहिली पाहिजे. मराठीत 'धंदेवाईक' हा शब्द उच्चारताना आजही किंचित तुच्छता डोकावते. स्वातंत्र्यपूर्व काळात सामान्य घरातील खेळाडूस पोट भरावयाचे तर संस्थानिकाचा आश्रय हाच मुख्य मार्ग होता. सांगलीत १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. देवासच्या विक्रमसिंहराव पवारांनी त्यांना आपल्या पदरी ठेवले, आणि क्लॅरी ग्रिमेट या विख्यात ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शनही त्यांना मिळवून दिले. पुढे ते बडोद्याच्या आश्रयास गेले. हा आश्रय उदार होता यात शंका नाही. परंतु आश्रयदात्याच्या मर्जीस मुदत नसते आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. संस्थाने विलीन झाल्यावर हा आधारही खचला. नव्या क्रिकेट मंडळाने कसोटी सामन्यांची प्रतिष्ठा दिली, पण उपजीविका दिली नाही.

या पोकळीत लँकाशायरचे करार आले. वाट नवीन नव्हती. त्रिनिदादचे लियरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नऊ हंगाम नेल्सनकडून खेळले आणि त्यांतील सात वेळा नेल्सनने लीग जिंकली. काळ्या वर्णाचा माणूस त्या गावी पूर्वी क्वचितच कोणी पाहिला असेल. कॉन्स्टंटाइन तेथे पुढे लोकप्रिय नागरिक झाले. युद्धापूर्वी अमरसिंग कोल्नकडून आणि लाला अमरनाथ नेल्सनकडून खेळले. युद्धोत्तर काळात हजारे रॉटनस्टॉलला गेले, सुभाष गुप्ते रिश्टनला, आणि विनू मंकड हॅसलिंग्डनला.

मंकड हे मराठी नव्हेत, जामनगरचे. तरीही या विषयाचा गाभा त्यांच्याच प्रकरणात आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधार हजारे होते आणि मंकड यांनी त्या सामन्यात बारा बळी घेतले होते. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जावयाचा होता. हॅसलिंग्डनचा करार समोर असता मंकड यांनी मंडळाकडे एवढेच मागितले, की दौऱ्यासाठी आपली निवड होईल असे आश्वासन मिळावे. ते मिळाले नाही, आणि त्यांनी करार पत्करला. जूनमध्ये लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले. तेव्हा मंडळास हॅसलिंग्डनची आठवण झाली आणि त्या क्लबाकडे मंकड यांना सोडण्याची विनंती करण्यात आली. लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि मध्यंतरी ७३ षटके टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले. इंग्लंडने तो सामना आठ गडी राखून जिंकला, तरी आजही तो मंकड यांच्याच नावाने ओळखला जातो.

मंकड यांनी देशापेक्षा पैसा मोठा मानला, अशी टीका या प्रकरणात करता येण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. मंडळ एका हाताने खेळाडूस हौशी मानीत होते, म्हणजे त्याच्या चरितार्थाची जबाबदारी नाकारीत होते. आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वेळेवर निरपवाद हक्क सांगत होते. या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत. हॅसलिंग्डनची भूमिका त्या मानाने सुसंगत होती. त्या क्लबाने पैसे देऊन वेळ विकत घेतला होता, आणि विनंती होताच त्यातला काही सोडूनही दिला. हा लहान गावातील क्लब होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या औदार्याची किंमत कळते.

क्लबाचा करार आणि देशाचे बोलावणे यांमधील हा पेच पुढे फुटबॉलमध्ये फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. पश्चिम आफ्रिकेतील बचावपटूंच्या चरित्रांत तो विशेष स्पष्ट दिसतो. घानाच्या कुमासी शहराचे सॅम्युएल कुफूर कोवळ्या वयात इटलीतील तोरिनोस गेले, १९९३ मध्ये बायर्न म्यूनिकमध्ये आले आणि २००१ मध्ये त्या क्लबाबरोबर युरोपचे विजेते ठरले. आयव्हरी कोस्टचे कोलो तुरे आबिदजानच्या आसेक मिमोसा क्लबातून २००२ मध्ये आर्सेनलला गेले. आफ्रिकी राष्ट्रांची स्पर्धा त्या काळी जानेवारीत, म्हणजे युरोपच्या ऐन हंगामात भरे. २००६ साली तुरे यांना हंगाम अर्धा सोडून तिकडे जावे लागले. परंतु तोपर्यंत आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम झालेला होता, की अशा वेळी क्लबाने खेळाडू सोडलाच पाहिजे. तुरे यांचा मार्ग नियमाने ठरला. मंकड यांचा क्लबाच्या मर्जीने. फरक एवढाच नव्हे. कुफूर वा तुरे यांची युरोपातील कारकीर्द हीच त्यांची मुख्य कारकीर्द होती. लँकाशायरला गेलेला भारतीय खेळाडू मात्र हंगाम संपला की परत येई, आणि त्याचा कीर्तिलेख मुंबई-मद्रासच्या मैदानांवरच लिहिला जाई. म्हणूनच त्याच्या शनिवारांची नोंद आपल्या ग्रंथांतून गळून पडली.

त्यांची नोंद करावयाची तर साधने येथे नव्हेत, त्या गावांच्या स्थानिक वृत्तपत्रांत आणि क्लबांच्या इतिवृत्तांत शोधावी लागतील. हजारे यांचा गोरा शेजारी त्यांच्याशी कसा वागे, घरभाडे कोण देई, मंकड यांना पहिल्या वर्षी थंडी किती बाधली, या गोष्टी धावसंख्येच्या तक्त्यांत सापडत नाहीत. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने याकडे अवश्य वळावे.

सुभाष गुप्ते यांच्याबाबतीत तर ही निकड अधिकच आहे. मुंबईच्या या लेगस्पिन गोलंदाजाने ३६ कसोटींत १४९ बळी मिळविले. १९५८ मध्ये कानपुरास वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात १०२ धावांत नऊ. १९६१ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीच्या वेळी, त्यांच्या खोलीतील सहकाऱ्याने हॉटेलातील एका स्त्री-कर्मचाऱ्यास दूरध्वनी केल्याच्या तक्रारीवरून, मंडळाने दोघांसही दूर केले. गुप्ते यांचा स्वतःचा दोष काय, हे त्यांना समाधानकारकपणे कधीच सांगितले गेले नाही. वय अवघे बत्तीस असता त्यांची कसोटी कारकीर्द संपली. लीगमधील क्लबाने धंदेवाईकास काढले तर निदान करार पाहता येई. येथे पाहण्यासारखा कागदच नव्हता. १९५३ च्या दौऱ्यात ज्यांची ओळख झाली त्या पत्नीच्या मायदेशी, त्रिनिदादला, गुप्ते कायमचे राहावयास गेले. ज्या बेटावरून कॉन्स्टंटाइन नेल्सनला आले होते, त्याच बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन येथे, ३१ मे २००२ रोजी त्यांचे निधन झाले.