सफरचंदासाठी मृदा-योग्यता (बंगळूर परिसर)

लागवडीपूर्वी जमिनीची खोली, पोत, निचरा, सामू, क्षारता व चुनखडी तपासून सफरचंदासाठी तिची प्रतवारी ठरविण्याची पद्धत. अन्न व कृषी संघटनेच्या १९७६ च्या आराखड्यानुसार जमिनीचे अतिशय योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य व अयोग्य असे वर्ग पाडतात. देशातील मृदा सर्वेक्षणाचे काम नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो पाहतो. त्याचे प्रादेशिक केंद्र बंगळुरात हेब्बाळ येथे आहे.

जमीन : बंगळूर सुमारे ९०० मी. उंचीवर, कर्नाटकाच्या पूर्वेकडील कोरड्या विभागात येते. येथील तांबडी माती ग्रॅनाइट व नाइस खडकांपासून बनली आहे. तिचा निचरा चांगला व सामू बहुधा किंचित आम्ल असतो. सेंद्रिय कर्ब आणि ओल धरण्याची ताकद मात्र बेताची.

तपासणी : माती किंवा उतार बदलेल तेथे मीटरभराहून खोल खड्डा घेऊन उभे थर पाहतात. मुरूम अर्ध्या मीटरवरच लागला, तर मुळांना वाव उरत नाही. करडे-पिवळे ठिपके पाणी साचत असल्याची खूण होत. अशा जागी फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूमुळे बुंधा कुजतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुनखडी आहे असे समजावे. ती जास्त असल्यास लोह मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात.

निकष : किमान १ मी. खोल, दुमट, निचऱ्याची, सुमारे ५.५ ते ६.८ सामूची जमीन उत्तम. सफरचंद क्षारांना नाजूक असल्याने कूपनलिकेच्या पाण्याचीही तपासणी हवी.

मर्यादा : नेहमीच्या जातींना ७° से. खालील थंडी सुमारे ८०० ते १,२०० तास लागते. बंगळुरात जानेवारीतही रात्रीचे सरासरी तापमान १५° से.च्या आसपास असते. तरीही इंग्रजी अमदानीत येथे ‘रोम ब्यूटी’ पिकत असे. आज ‘अ‍ॅना’, ‘डॉर्सेट गोल्डन’, ‘एचआरएमएन-९९’ या कमी थंडीच्या जाती लावतात. इंडोनेशियात जावा बेटावरील बातू या गावी तर पुरेशा थंडीअभावी पानगळ करून झाडाला बहर आणतात. सेंद्रिय खत, आच्छादन व ठिबक यांनी तांबड्या मातीच्या उणिवा भरून काढता येतात, थंडीची उणीव मात्र माती सुधारून भरता येत नाही. म्हणून माती-अहवाल अनुकूल असला तरी जातीची निवड व स्थानिक तापमान पाहिल्याशिवाय बाग लावू नये.