सामायिक स्मृतिखंड
सामायिक स्मृतिखंड : संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांना एकत्रितपणे वापरता येणाऱ्या स्मृतीच्या भागास सामायिक स्मृतिखंड म्हणतात. परिचालन प्रणाली प्रत्येक प्रक्रियेस आभासी पत्त्यांचा स्वतंत्र अवकाश देते. त्यातील कोणता पल्ला कशासाठी वापरला आहे याची नोंद म्हणजे त्या प्रक्रियेचा स्मृतिनकाशा होय. एकच खंड निरनिराळ्या नकाशांत निरनिराळ्या पत्त्यांवर आढळू शकतो. म्हणून केवळ पत्त्यांवरून तो ओळखता येत नाही.

करमाडसारख्या मराठवाड्यातील गावी एका सामाईक विहिरीची नोंद अनेक खातेदारांच्या सातबारा उताऱ्यांवर असते. उतारे मोजून विहिरी मोजल्या, तर गावात नसलेल्या विहिरी हिशेबात येतात. स्मृतिनकाशांची बेरीज करणाऱ्याची गफलत याच जातीची असते.

खंड ही कल्पना मल्टिक्स प्रणालीत (आरंभ १९६५) प्रमुख होती. यूनिक्समध्ये सामायिक स्मृतीची आजची परिचित पद्धत बेल लॅबोरेटरीजच्या कोलंबस (ओहायओ) येथील शाखेत विकसित झाली आणि १९८३ मध्ये ‘सिस्टिम फाइव्ह’ द्वारा सर्वत्र पोहोचली. ‘आयपीसीएस’ या आज्ञेने खंडांची यादी व प्रत्येकास जोडलेल्या प्रक्रियांची संख्या कळे. परंतु प्रक्रियेच्या अवकाशात खंड कोठे बसला आहे, हे त्या यादीत नसे. टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये प्रक्रिया फाइलरूपाने वाचण्याची व्यवस्था वर्णिली. सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत तीमधून नकाशाही मिळू लागला. याच सुमारास पुण्याच्या सी-डॅक संस्थेने सिद्ध केलेल्या परम ८००० (१९९१) या महासंगणकात प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती वेगळी असून देवाणघेवाण संदेशांद्वारे होई. तेथे हा प्रश्न या रूपात उद्‌भवत नव्हता.

लिनक्समध्ये नकाशाच्या प्रत्येक ओळीत पत्त्यांचा पल्ला, परवाने, विस्थापन, उपकरण, आयनोड क्रमांक व नाव असते. परवान्यांतील शेवटचे अक्षर ‘एस’ असल्यास जोडणी सामायिक, ‘पी’ असल्यास खाजगी. सिस्टिम फाइव्ह पद्धतीच्या खंडाच्या नावात त्याची किल्ली येते आणि आयनोडच्या जागी खंडाचा ओळखक्रमांक असतो. तो आयपीसीएसच्या यादीशी ताडला की ओळख पटते. अशा नावापुढे ‘काढून टाकलेले’ असा शेरा असतो. नवशिके त्याने हमखास फसतात, कारण खंड प्रत्यक्षात नांदत असतो.

अक्षरावर मात्र फार भिस्त ठेवू नये. ‘एस’ असूनही खंड एकच प्रक्रिया वापरीत असेल. उलट ‘पी’ असलेली ग्रंथालय-फाइलींची पृष्ठे त्यांवर लेखन होईपर्यंत अनेक प्रक्रियांत प्रत्यक्ष समान असतात. म्हणून २००५ मध्ये जोडणीनिहाय तपशील देणारा विस्तृत नकाशा आणि २००८ मध्ये प्रमाणशीर वाट्याचे माप लिनक्समध्ये आले. या मापात प्रत्येक पृष्ठ ते वापरणाऱ्यांच्या संख्येने भागले जाते. समजा, तीन प्रक्रियांची प्रत्येकी १०० पृष्ठे खाजगी व ३०० पृष्ठे तिघींत सामायिक आहेत. साध्या बेरजेने १,२०० पृष्ठे भरतात; प्रमाणशीर मापाने प्रत्येकीच्या वाट्यास २०० व एकूण ६०० येतात, आणि प्रत्यक्ष व्याप्तीही तेवढीच आहे. विस्तृत नकाशा वाचणे वेळखाऊ असल्याने केवळ बेरजा देणारा संक्षिप्त प्रकार २०१७ मध्ये जोडण्यात आला.