‘हे झाड कोणतं?’ फुलाआधी पान बघा

एप्रिल उजाडला की एक ठरलेला फोटो ग्रुपवर फिरू लागतो. पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं झाड आणि खाली ओळ, ‘आमच्याकडचा बहावा फुलला!’ बऱ्याचदा ते झाड बहावा नसतंच. सोनमोहर असतो, काशिद असतो, नाहीतर परदेशातून आलेला टॅबेबुया. अशा ठिकाणी नाव चुकलं तर फारसं बिघडत नाही. पण बुलढाणा, चिखली, खामगावच्या रस्त्याकडेला आणि कुंपणांत अशीही काही झुडपं आहेत, जी ओळखता न आल्याने मुलं दवाखान्यात पोचतात.

घोटाळा होतो कारण आपण रंग बघून नाव ठेवतो. रंग बऱ्याच झाडांचा सारखा असतो, पान मात्र फसवत नाही.

पिवळ्या फुलांचंच घ्या. बहाव्याचे घोस द्राक्षांसारखे खाली लोंबतात आणि शेंग गोल, लांब, काळ्या नळीसारखी असते. हातभर लांबीची अशी शेंग दिसली की प्रश्न मिटला. सोनमोहराचे तुरे उलट वर उभे राहतात, पान गुलमोहरासारखं बारीक आणि दोनदा विभागलेलं, तर शेंगा चपट्या, तांब्याच्या रंगाच्या. म्हणूनच त्याला ताम्रवृक्षही म्हणतात. काशिदाचे तुरेही फांद्यांच्या टोकाला वरच असतात, पण त्याचं पान एकदाच विभागलेलं असतं आणि शेंगा लांब, चपट्या. टॅबेबुयाचं फूल कर्ण्यासारखं आणि त्याच्या पर्णिका हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या. त्याचाच गुलाबी फुलांचा भाऊबंद मुंबईत विक्रोळीला महामार्गाकडेला फुलतो आणि दरवर्षी ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून व्हायरल होतो. चेरीशी त्याचा काही संबंध नाही.

लाल-केशरी फुलांसाठी आपल्याकडे म्हणच तयार आहे, पळसाला पानं तीनच. फक्त अडचण अशी की पांगाऱ्यालाही तीनच! त्यात दोन्ही झाडं फुलतात तेव्हा त्यांची पानं बहुतेक गळून गेलेली असतात. मग कळीकडे बघा. पळसाची कळी काळपट, मखमली देठावर असते आणि फूल केशरी. पांगाऱ्याचं फूल गडद लाल आणि फांद्यांवर बारीक काटे. खोडावर जाड, शंकूसारखे काटे आणि मोठ्या, मांसल पाच पाकळ्यांचं फूल दिसलं, तर ती काटेसावर.

दसऱ्याचा गोंधळ तर सगळ्यांच्या परिचयाचा. सोनं म्हणून बाजारात आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या सर्रास येतात. दोन्हींचं पान मध्ये दुभंगलेलं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, तर कांचनाचं तळहाताएवढं होतं. फुलांत शंकाच राहत नाही, कारण कांचनाची फुलं मोठी, गुलाबी-जांभळी किंवा पांढरी असतात आणि आपट्याची अगदी लहान, फिकट. बुलढाण्यात या जोडीत तिसराही येतो, अंजन. बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, त्या भागात अंजनाची झाडं आहेत. लांबून त्याचं पान आपट्याचंच वाटतं. हातात घेतलं की फरक कळतो: आपट्याचं एकच पान अर्धवट फाटलेलं, अंजनाच्या मात्र दोन वेगळ्या पर्णिका, फक्त देठाच्या टोकाशी जोडलेल्या.

मोबाइलवर गूगल लेन्स किंवा प्लांटनेट वापरत असाल, तर नुसत्या फुलाचा जवळून फोटो देऊ नका. पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला जोडलं आहे ती जागा, फळ किंवा शेंग, खोडाची साल आणि लांबून पूर्ण झाड, असे वेगवेगळे फोटो घ्या. शेजारी पेन किंवा नाणं ठेवलं तर आकार कळतो. ॲप जे नाव दाखवतं तो अंदाज असतो. त्या भरवशावर पान-फळ तोंडात घालणं किंवा काढा करून पिणं म्हणजे जिवाशी खेळ. गावातल्या जाणत्या माणसाला विचारलं तरी स्थानिक नावांची गडबड होते. घाणेरीला कोणी टणटणी म्हणतं, कोणी रायमुनिया. ती जनावरांच्या पोटात गेली तर विषबाधा होते. नाल्याकाठी फिकट जांभळी फुलं मिरवणाऱ्या बेशरमीचंही तेच.

आता मुलांना धोका असलेली झुडपं. पहिलं मोगली एरंड. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या आणि शाळेच्या कुंपणाला ते लावलं जातं. पान उथळ तीन-पाच कोनांचं, फळ गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडं मोठं. आधी हिरवं, मग पिवळं, वाळलं की काळपट. आत साधारण तीन काळ्या बिया. साध्या एरंडाचं पान खोल चिरलेलं आणि फळ काटेरी असतं, पण त्याच्याही बिया विषारीच. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, खरी गोम इथेच आहे. एकाने फोडून खाल्ल्या की बाकीचेही खातात, म्हणून बातमी येते ती एकाची नाही, वर्गातल्या दहा-बारा मुलांची. उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

दुसरी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. देवाला वाहायला फुलं हवीत म्हणून ती अंगणातच असते. पान अरुंद, चकचकीत, तोडलं की पांढरा चीक. हिरव्या, कोनदार फळातल्या बिट्ट्यांनी मुलं खेळतात. तिचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, त्यामुळे ती मोगली एरंडापेक्षाही जास्त घातक. लाल-गुलाबी कण्हेरही तितकीच विषारी आहे.

मुलाने असं काही खाल्लं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या मागे लागू नका आणि लक्षणांची वाट बघत बसू नका. १०८ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. किती बिया खाल्ल्या, किती वाजता खाल्ल्या हे सोबतच्या मुलांना विचारा, आणि त्या झुडपाची पान-फळासकट एक फांदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.