पॅरनॉइड

पॅरनॉइड : ब्लॅक सॅबथ या इंग्लिश वाद्यवृंदाचे रॉक गीत. ते १९७० मध्ये एकगीती ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या आरंभकाळातील सर्वाधिक परिचित गीतांत त्याची गणना होते.

बर्मिंगहॅम शहरातील ॲस्टन हा कामगारवस्तीचा भाग. तेथील परिसरात वाढलेल्या टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार), बिल वॉर्ड (ड्रम) व ऑझी ऑझ्बर्न (गायन) या तरुणांनी १९६८ मध्ये हा वाद्यवृंद उभा केला. ऑझ्बर्नने कत्तलखान्यात, तर आयोमीने पत्र्याच्या कारखान्यात काम केले होते. वयाच्या सतराव्या वर्षी, कारखान्यातील कामाच्या अखेरच्या दिवशी, आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. भाजल्यामुळे दोन बोटे अधू झालेला जॅझवादक जँगो राइनहार्ट याच्या वादनाने त्याला धीर मिळाला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली आणि हलक्या, कमी ताणाच्या तारा वापरण्यास प्रारंभ केला. त्याच्या वादनशैलीच्या जडणघडणीत या अपघाताचा वाटा मोठा आहे.

वाद्यवृंदाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. त्याच वर्षी रॉजर बेन या निर्मात्याच्या देखरेखीखाली लंडनमध्ये दुसरीचे ध्वनिमुद्रण झाले. तेव्हा ती भरण्यास सुमारे तीन मिनिटांचे एक गीत कमी पडले. आयोमीने एक छोटी, पुनःपुन्हा येणारी स्वराकृती (रिफ) बसविली, बटलरने घाईने शब्द लिहिले आणि अल्पावधीत गीत पूर्ण झाले. वाद्यवृंदाची आधीची गीते बहुधा संथ व दीर्घ होती. हे मात्र द्रुत लयीचे व तीन मिनिटांहून लहान आहे. त्याला ध्रुवपद नाही व ‘पॅरनॉइड’ हा शब्दही गीतात कोठे येत नाही. निराधार संशयाने ग्रासलेला असा त्या शब्दाचा अर्थ. गीताचा विषय मात्र नैराश्य हा आहे. मन कशातच न रमणाऱ्या, हसू व सुख पारखे झालेल्या तरुणाचे ते निवेदन होय. आपल्या तारुण्यातील नैराश्याशी गीताचा असलेला संबंध बटलरने पुढे मुलाखतींतून सांगितला. मनोविकाराविषयी उघडपणे बोलण्याचा प्रघात कामगारवस्तीत नसताना ही अवस्था एका लोकप्रिय गीतातून साध्या शब्दांत व्यक्त झाली, हे त्याचे वेगळेपण आहे.

ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत हे गीत चौथ्या, तर अमेरिकेत एकसष्टाव्या स्थानापर्यंत पोहोचले. दीर्घ ध्वनिमुद्रिकेला आधी वॉर पिग्ज हे नाव द्यावयाचे ठरले होते. गरिबांना रणांगणावर धाडणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गीताचे ते नाव. ते बदलून ध्वनिमुद्रिकेला पॅरनॉइड हेच नाव देण्यात आले. वेष्टनावरील ढालतलवारधारी आकृती मात्र तशीच राहिल्याने नाव व चित्र यांचा मेळ उरला नाही. सप्टेंबर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानावर गेली. तत्कालीन अनेक समीक्षकांनी या वाद्यवृंदाचे संगीत ओबडधोबड ठरविले होते. पुढील पिढ्यांतील वादकांनी मात्र ते आदर्श मानले. मेगाडेथ या अमेरिकन वाद्यवृंदाने १९९४ मध्ये हे गीत नव्याने सादर केले.

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांचा शेवट अनेकदा याच गीताने होत असे. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे वादक-गायक अखेरचे एकत्र आले, तेव्हाही समारोप त्यानेच झाला. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑझ्बर्नचे निधन झाले. ध्वनिमुद्रिकेतील उणीव भरून काढण्यासाठी घाईत रचलेले हे गीत अशा रीतीने त्या वाद्यवृंदाचे निरोपाचे गीत ठरले.