बांधावरची वाट आणि विजेची वाट

श्रोतेहो, घिवलीसारख्या गावात वीज म्हटली की शेजारचे तारापूरचे अणुवीजकेंद्र डोळ्यांपुढे येते. १९६९ साली ते सुरू झाले. तेथून निघणाऱ्या जाड तारांत इलेक्ट्रॉन नावाच्या कणांना सरकायला भरपूर जागा असते. पण तार इतकी बारीक केली, की पुढे किंवा मागे एवढीच वाट उरली, तर? या प्रश्नाचाच इतिहास आज सांगायचा आहे.

भातखाचरांमधला बांध आठवा. डोक्यावर भारे घेतलेली माणसे एकामागून एक चालली आहेत. पुढचा थांबला, की मागच्याला थांबावंच लागतं. इलेक्ट्रॉन तर एकमेकांना दूर लोटणारे! एकाला बसलेला धक्का साऱ्या रांगेतून लाटेसारखा जातो. म्हणून येथे हिशेब कणांचा नव्हे, लाटांचा करावा, हे जपानच्या तोमोनागा यांनी १९५० साली दाखवले. १९६३ साली अमेरिकेत लटिंजर यांनी तशीच मांडणी केली. मांडणी नामी, पण ती सोडवताना चूक राहिली. मॅटिस आणि लीब यांनी ती १९६५ साली सुधारली.

हे सारे कागदावर. १९८८ साली नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये अशी अरुंद वाट प्रत्यक्ष तयार झाली. वाट रुंदावली, तशी वाहकता सलग न वाढता पायरीपायरीने वाढली. पहिल्या पायरीवर विरोध भरला सुमारे १२,९०६ ओहम.

आता पेच पडला. लांब तारेत रेटारेटीमुळे ही पायरी बरीच खाली यावी, असे गणित सांगत होते. १९९५ साली जपानमध्ये मोजले, तर ती जेमतेम काही टक्के खाली! मग गणित खोटे म्हणायचे काय? नाही. मास्लोव्ह आणि स्टोन यांनी त्याच वर्षी उलगडा केला. बांधाच्या दोन्ही टोकांना गाडीरस्ता असतो, तशा या तारेच्या टोकांना रुंद वाटा जोडलेल्या असतात. तार निर्दोष असेल तर मोजणीत त्या टोकांचाच गुण उतरतो. आतली रेटारेटी दिसत नाही. पुढे १९९९ साली कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांत, उष्णतामान बदलले की वाहकता कशी बदलते हे पाहून, त्या रेटारेटीची खूण सापडली.

शिक्षकबंधूंनो, मुलाचे उत्तर ताळ्याशी जुळले नाही, तर लगेच फुली मारू नका. आधी विचारा, बाळ, तू मोजलंस कुठं?