काजवे पाहताना, काजवे टिपताना

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी बरसू लागल्या, की भंडारदरा, पुरुषवाडी आणि राजमाचीच्या रानात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारणतः जूनच्या मध्यापर्यंत, तो टिकतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशी झाडे अंधार पडताच लुकलुकू लागतात.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक. त्याची अळी ओलसर पालापाचोळ्यात राहते आणि प्रामुख्याने गोगलगायींवर जगते. प्रौढ काजव्याचे आयुष्य मात्र काही आठवड्यांचेच. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. अनेक जातींत नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो आणि मादी झुडपातून किंवा गवतातून उत्तर देते. मीलनासाठीची ही सांकेतिक भाषा मोटारीच्या दिव्यांनी, विजेरीच्या झोताने वा कॅमेऱ्याच्या फ्लॅशने पुसली जाते. जोडी न जमल्यास अंडी नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यात तेवढे काजवे कमी.

छायाचित्रासाठी फ्लॅशचा उपयोगही नाही. त्याच्या झगझगाटात झाड उजळते, काजवा हरवतो. तिपाईवर कॅमेरा बसवून, संधिप्रकाश असतानाच झाडावर नजर साधून फोकस हाताने पक्का करावा. अॅपर्चर मोठे ठेवून शटर पंधरा ते तीस सेकंद उघडे ठेवल्यास प्रकाशाचे ठिपके उमटतात. वृत्तपत्रांत झळकणारी असंख्य ठिपक्यांची चित्रे बहुधा अशा अनेक चौकटी एकमेकींवर रचून सिद्ध होतात. प्रत्यक्षात डोळ्यांना तसे दृश्य दिसत नाही, हे चित्राखाली नमूद केलेले बरे. अन्यथा पहिल्यांदा जाणाऱ्याचा हिरमोड होतो.

विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावावा आणि ती जमिनीकडेच रोखावी. मोबाइलचा पडदा झाकलेला असावा. पायवाट सोडून गवतात शिरणे विशेष घातक, कारण काही जातींच्या माद्यांना उडता येत नाही. त्या पायाखाली चिरडल्या जातात. बाटलीत काजवे भरून मुलांना दाखवण्याची हौसही टाळावी. भंडारद्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्यामुळे प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क यांची चौकशी निघण्यापूर्वी वन विभागाकडे करावी.