स्टुअर्ट रणगाडा : यादीत न दिसणारी सैन्यं

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत धुळ्याहून एक चिठ्ठी आली होती. प्रश्न असा : ‘दुसऱ्या महायुद्धात स्टुअर्ट हा हलका रणगाडा कोणकोणत्या सैन्यांनी वापरला?’ वेळ संपत आली होती म्हणून आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी यादी देऊ. यादी करायला बसलो आणि लक्षात आलं, की या साध्या प्रश्नात एक मोठी अडचण दडलेली आहे. आज त्याबद्दलच बोलू.

आधी हा रणगाडा काय चीज होती ते पाहू. मूळ अमेरिकन, तिथलं नाव एम-३ हलका रणगाडा. १९४१ च्या मार्चमध्ये उत्पादन सुरू झालं आणि एम-५ हा सुधारित नमुना धरून २२,००० हून जास्त गाड्या बाहेर पडल्या. आत चार माणसं, ३७ मिलिमीटरची तोफ, आणि सपाट रस्त्यावर ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वर वेग. वजन पहिल्या नमुन्याचं साडेबारा टनांच्या आसपास, पुढच्या नमुन्यांचं पंधराच्या आसपास. रावेर-यावलहून केळी भरून दिल्लीकडे निघालेला दहा चाकी ट्रक याहून जड भरतो! आता पुढे सगळी गोष्ट या वजनावरच फिरणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

‘स्टुअर्ट’ हे नाव इंग्रजांनी दिलं, अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या एका घोडदळ सेनापतीवरून. लाडाचं नाव ‘हनी’. कारण गाडी सहसा बिघडत नसे.

आता यादी. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिशांनी लिबियाच्या वाळवंटात तो पहिल्यांदा लढाईत उतरवला. जर्मन तोफांपुढे त्याचं पातळ चिलखत टिकलं नाही, इंधनही लवकर संपायचं. डिसेंबरात फिलिपाइन्समध्ये अमेरिकनांनी वापरला. सोव्हिएत संघाला हजाराहून अधिक गाड्या मिळाल्या. त्यांना तो फारसा आवडला नाही. १९४२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन सैन्याने न्यू गिनीतल्या बुनाला वापरला. फ्री फ्रेंच सैन्याने वापरला, युगोस्लाव्हियाच्या पार्टिझनांनीही वापरला. चिनी सैनिक तर आपल्याकडे, आजच्या झारखंडमधल्या रामगडला, प्रशिक्षण घेऊन उत्तर ब्रह्मदेशात हेच रणगाडे घेऊन गेले. आणि जपान्यांनी पकडलेले स्टुअर्ट त्यांच्या मूळ मालकांवरच चालवले.

झाली यादी? नाही. यात भारत कुठे आहे?

बऱ्याच याद्यांमध्ये तो ‘ब्रिटिश’ किंवा ‘ब्रिटिश राष्ट्रकुल’ या एका ओळीत गडप झालेला असतो. हीच ती अडचण. सैन्य मोजायचं कसं, झेंड्यावरून की गाडीत बसलेल्या माणसांवरून? झेंड्यावरून मोजलं, तर १९४७ पूर्वीचा भारतीय सैनिक आपल्याला कुठेच सापडत नाही.

एका गाडीची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिशांची ७ वी आर्मर्ड ब्रिगेड स्टुअर्ट घेऊन रंगूनला उतरली. थोड्याच दिवसांत रंगून सोडावं लागलं. पुढे दोन महिने हे रणगाडे माघार घेणाऱ्या पायदळाची पाठ राखत उत्तरेकडे सरकत राहिले. मे महिन्यात सगळे चिंदविन नदीच्या काठी आले आणि तिथे वाट संपली. नदीवर पूल नव्हता. रणगाडे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते तिथेच निकामी करून सोडावे लागले. फक्त एक गाडी तराफ्यावरून पलीकडे नेता आली. तिचं नाव होतं ‘कर्स ऑफ स्कॉटलंड’. ती भारतात पोहोचली. पुढे तिचा वरचा फिरता मनोरा, म्हणजे टरेट, काढून तिचं नियंत्रण-वाहन केलं गेलं, आणि १९४५ मध्ये ती पुन्हा ब्रह्मदेशात गेली.

या वेळी ती होती ७ व्या लाइट कॅव्हलरीकडे. भारतीय रेजिमेंट, एके काळी घोड्यांवरची. हीच रेजिमेंट १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात स्टुअर्ट घेऊन लढली होती. म्हणजे गाडी अमेरिकन, गेली ब्रिटिशांबरोबर, परतली भारतीयांबरोबर. यादीत तिची नोंद कोणाच्या नावावर करणार?

आता कोणी विचारेल, लिबियात निकामी ठरलेला रणगाडा ब्रह्मदेशात कसा चालला? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावायला नको. पावसाळ्यात काळ्या जमिनीत भरलेली गाडी रुतते, रिकामी निघून जाते. ब्रह्मदेशात कच्चे रस्ते, लाकडी पूल, चढ-उतार. अवजड रणगाडा जिथे पुलासकट खाली गेला असता, तिथे स्टुअर्ट जायचा. शिवाय जपान्यांकडे रणगाडाविरोधी तोफा जर्मनांच्या मानाने थोड्या आणि दुबळ्या होत्या. दुबळं हत्यार बदललं नाही, जागा बदलली.

चिठ्ठीतला प्रश्न महायुद्धापुरता होता, पण या रणगाड्याची भारतातली गोष्ट १९४५ ला संपत नाही. फाळणीत चिलखती रेजिमेंट्स वाटल्या गेल्या. बारा भारताकडे, सहा पाकिस्तानकडे. स्टुअर्ट दोन्हीकडे गेले. आणि काही महिन्यांतच काश्मीरमध्ये लढाई सुरू झाली.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघालं. पुढे सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट, बरोबर ४ डोग्राचं पायदळ. रस्त्यात भूसुरुंग पेरलेले आणि झाडं पाडून अडथळे केलेले. रणगाडा कितीही चपळ असो, सुरुंगावर चढला की संपला. म्हणून सर्वांत पुढे होती बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या आपल्या अभियंता दलाची, ३७ वी असॉल्ट फील्ड कंपनी. तिच्या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी, त्या पाचांत राणे स्वतः. ते मागे गेले नाहीत. पुढच्या एका टप्प्यावर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत सुरुंग काढत राहिले. वर चालक बंद लोखंडात, त्याला खालचं काही दिसत नाही. मग राण्यांनी दोन दोर घेतले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. ११ तारखेपर्यंत, जेमतेम विश्रांती घेत, त्यांनी चिंगसपर्यंतची वाट मोकळी केली. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचलं. राणे यांना परमवीरचक्र मिळालं, आणि ते हयात असताना मिळालं.

आता सांगा, राजौरीच्या रस्त्यावर स्टुअर्ट कोणी ‘वापरला’? चालकाने, तोफ डागणाऱ्याने, की पोटाखालून दोर ओढणाऱ्या माणसाने?

त्याच वर्षी नोव्हेंबरात झोजिला. साडेअकरा हजार फुटांची खिंड, पलीकडे द्रास, कारगिल आणि लेहची वाट. सप्टेंबरातले पायदळाचे हल्ले फसले होते. जनरल थिमय्यांनी रणगाडे वर न्यायचं ठरवलं. त्यासाठी मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खेचरांची पाऊलवाट रुंद केली. स्टुअर्टचे टरेट उतरवून, झाकून, गुपचूप ते श्रीनगरमार्गे आणले गेले आणि वर पुन्हा जोडले. १ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांनी ७ व्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे खिंडीत घातले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच दिवशी खिंड हाती आली, आणि महिना संपायच्या आत सैन्य कारगिलला पोहोचलं. इंफाळची तीच रेजिमेंट, त्याच जातीचा रणगाडा. झेंडा तेवढा बदललेला.

तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्राला आमचं उत्तर असं : देशांची नावं जरूर लिहा, पण तिथे थांबू नका. रेजिमेंटचं नाव लिहा, आणि त्या रेजिमेंटसाठी वाट करणाऱ्या सॅपर कंपनीचंही लिहा.

आणि हे फक्त पुस्तकापुरतं नाही. खानदेशातून त्या काळात फौजेत गेलेल्या माणसांच्या घरी आजही कुठे डिस्चार्जचा कागद, कुठे बर्मा स्टार पदक ट्रंकेत पडलेलं असेल. घरचे सांगतात, ‘आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते.’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि तो माणूस ‘ब्रिटिश’ या एका ओळीत जातो. कागद काढा, त्यावरचं तुकडीचं नाव आणि साल वाचा, उतरवून घ्या. धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. घरोघर फिरून कागद कसे मिळवायचे हे राजवाड्यांनी दाखवून दिलंय, ते आपल्याला नव्याने शिकायला नको.

जमलं तर एकदा मनमाडमार्गे अहिल्यानगरलाही जाऊन या, म्हणजे आपल्या जुन्या नगरला. तिथल्या रणगाडा संग्रहालयात जपान्यांचा ‘हा-गो’ हा हलका रणगाडा उभा आहे. ब्रह्मदेशात समोरच्या बाजूला होता तो. मुलांना बरोबर न्या, शेजारी उभं राहून त्याचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते पाहा, आणि मग राण्यांची गोष्ट सांगा.

प्रश्न असतील तर विचारा.